शेवटचा परिच्छेद

राजाजीनगरच्या खंडोजीअण्णांवर तीस वर्षांपूर्वी एका क्रीडा मासिकात बारा पानी लेख आला होता. जिंकत आणलेल्या शर्यतीत अंतिम रेषेच्या चार पावलं अलीकडे ते कसे कोसळले, त्याचा. लोकांना पडलेला माणूस भारी आवडतो. अजूनही तो लेख वाचून रडतात मेले. आज इंदिरानगरहून भूमिका नावाची मुलगी आली होती, मुलाखत रेकॉर्ड करायला.

"अण्णा, माझा सगळ्यात आवडता लेख! शेवटचा परिच्छेद तुम्हीच वाचा ना."

अण्णांनी चष्मा चढवला आणि स्वतःचं पडणं पुन्हा एकदा निमूटपणे वाचून दाखवलं. भूमिकाचे डोळे भरून आले.

"स्वल्प थांब गं," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "पुढच्या वर्षी तीच शर्यत मी जिंकलो."

"हो का? छान!" म्हणत भूमिकानं रेकॉर्डिंग बंद केलं.