मानाची फटफटी

जळालेल्या लोण्याचा वास.

पावणेतीन घोडे. सात घोडे.

लाल हिंगूळ लावलेलं एक शिंग, मुळापासून तुटलेलं.

"ढकल बे, बघतो काय!"

मनगटाला तीन वेढे दिलेला कासरा.

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं तुम्हाला वाटणार नाही. मी एक जुनी फटफटी आहे. मला सगळं याच क्रमाने आठवतं, त्याला माझा इलाज नाही. तुमच्यासाठी ते सरळ लावून पाहते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. हातोडे आठवतात. लाल होईपर्यंत तापवायचं आणि मारायचं, गार होऊ द्यायचं आणि पुन्हा मारायचं. माझ्या पोटातही मारच भरलेला आहे. पेट्रोलचा थेंब पेटतो, दट्ट्या आपटतो, पुन्हा थेंब पेटतो. तुम्ही ज्याला माझं चालणं म्हणता, ते आतून असं असतं.

निजामाच्या राज्यात, बीड जिल्ह्यातल्या नेकनूर गावी, बबनराव नावाचे मोठे शेतकरी माझे मालक होते. माझी ताकद पावणेतीन घोड्यांची. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत एका पट्ट्याने जायची. पट्टा चाकाच्या कडेला घट्ट आवळलेला असायचा आणि ब्रेकही त्याच कडेवर दाबला जायचा. एवढं लक्षात ठेवा.

माझी देखभाल बबनरावांचा धाकटा भाऊ सिदू करायचा. मला गोठ्यात, बैलांच्या रांगेत उभी करत. पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. बाया पोरांना घेऊन मला बघायला येत. मग बाजाराच्या वाटेवरचा मांजरसुंब्याचा घाट नडू लागला. अर्ध्या चढावर माझा दम संपायचा, बबनराव बसून राहायचे आणि सिदू मागून लोटायचा. "ढकल बे, बघतो काय!" हे मी दर बाजाराला ऐकत होते.

त्या वर्षी अंबाजोगाईच्या छावणीतला एक गोरा साहेब आपल्या देशी परत निघाला. त्याला त्याची फटफटी विकायची होती. तिला दोन सिलिंडर होते. सात घोडे. पट्टा नाही, साखळी.

"दादा, ती पडली तर उचलंल कोण?" सिदू म्हणाला. "दोन माणसांचं वजन हाय तिचं. आपल्या रस्त्याला दगडं काय कमी हायेत?"

"मग जन्मभर तू ढकलणार काय मला?"

"ढकलीन की. खातो कशाला मग एवढं?"

बबनराव हसले, पण डोक्यातून ती मोठी फटफटी गेली नाही.

त्याच आषाढात बबनरावांचा मानाचा बैल रोगाने मेला. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल त्यांच्या घरचा जायचा. त्यांच्यानंतरचा मान गावातल्या आसारामचा होता. आसारामने भर पारावर विचारलं, "बबनराव, औंदा म्होरं कोण? का फटफटीलाच झूल घालता?"

लोक हसले. बबनराव नाही हसले.

"घालतो," ते म्हणाले. "माझ्या गोठ्यातलं जनावर हाय ते. त्येच म्होरं जाईल."

घरी येऊन त्यांनी सिदूला सांगितलं, "वेशीतून पयली गेली तर ठेवतो हिला. न्हाई गेली तर साहेबाची आणतो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात. बबनरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई वाटी घेऊन गोठ्यात आल्या. सगळे बैल झाले. मग त्या माझ्यापाशी थांबल्या. माझा खांदा कुठला, हे त्या शोधत होत्या. ओढतो तो पट्टा, घासते ती चाकाची कड. त्यांनी दोन्हींना भरपूर लोणी चोळलं.

"लई ओढलंस माय वर्षभर," त्या म्हणाल्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मला इतक्या प्रेमाने कोणी हात लावला नव्हता. मला ओरडता आलं असतं तरी मी ओरडले असते की नाही, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या हँडलला बाशिंग बांधलं, बैठकीवर झूल टाकली. बैल कासऱ्याला धरून नेतात, म्हणून माझ्याही हँडलला कासरा बांधला. सिदू पुढे उभा राहिला. त्याने मनगटाला तीन वेढे दिले. शेजारीच, अर्धा हात मागे, आसारामची जोडी होती. शिंगांना लाल हिंगूळ, डोळे आधीच पांढरे झालेले.

ताशे सुरू झाले. बबनरावांनी पायाने मला चालू केली. इंजिन गरजलं. चाक फिरेना.

"चारा टाका तिला!" आसाराम ओरडला. "उपाशी दिसती!"

सगळी वेस हसली. बबनरावांनी वेग पूर्ण वाढवला. पट्टा लोण्यावरून घसरत राहिला. कड तापली. धूर आला. लोणी जळालं आणि पट्ट्याने एका क्षणात चाक पकडलं.

मी उडाले. मित्रांनो, मी सिदूच्या पाठीत गेले. त्याचं हाड मोडल्याचं मला माझ्या पुढच्या चाकात कळलं. बबनरावांनी ब्रेक दाबला, त्यालाही लोणी. कासरा मनगटाला होता, सिदूला बाजूला होता आलं नाही. त्याच्या ओढीने हँडल वळलं आणि मी त्याला तसाच ओढत शेजारच्या बैलांच्या पायांत नेलं. उजव्या बैलाने खाली मान घातली आणि शिंग त्याच्या पोटात घातलं. बैलाने मान झटकली, शिंग माझ्या लोखंडात अडकलं आणि मुळापासून तुटलं. रक्ताची चिळकांडी बाशिंगावर आली. मग मागचे सगळे बैल उधळले आणि त्याच्यावरून गेले.

कोणी म्हणालं, आसारामने जोडी मुद्दाम अंगावर घातली. एवढं पुरलं. तोरणाच्या काठ्या उपसल्या गेल्या. बबनरावांनी आसारामच्या तोंडावर पहिली काठी घातली, दात झुलीवर पडले. आसारामच्या भावाने कुऱ्हाडीने माझा दिवा फोडला, टाकी फोडली. पेट्रोल आणि रक्त एकाच उतारावरून वाहत गेलं. तिन्हीसांजेपर्यंत तीन माणसं आणि दोन बैल मेले होते. तिघांत सिदू होता.

तेराव्यानंतर बबनराव म्हणाले, "पावणेतीन घोड्यांनी माझा भाऊ खाल्ला. ताकदीची असती तर जागची हलली असती." अंबाजोगाईचा दलाल साहेबाची मोठी फटफटी अंगणात घेऊन आला. काळी, चकचकीत. तिच्या आवाजाने गोठ्यातल्या गायी दावी तोडू लागल्या.

रुक्मिणीबाई माजघरातून बाहेर आल्या.

"अवं, ताकद कमी नव्हती तिची," त्या म्हणाल्या. "पट्ट्याला लोणी म्या लावलं व्हतं. वेशीत वास आला तवाच कळलं मला. भावजींना म्या मारलं. मला मारा."

बबनरावांनी पहार उचलली. त्या हलल्या नाहीत. ते त्यांच्या शेजारून पुढे गोठ्यात आले आणि मला मारू लागले. चाकाच्या आऱ्या, सिलिंडर, हँडल. हात चालेनासा झाला तेव्हा ते माझ्याशेजारी शेणात बसले आणि दलालाला म्हणाले, "घेऊन जा ती. मला न्हाई पायजे."

त्यांनी पुन्हा कधी फटफटी घेतली नाही. मी गोठ्यातच आहे. माझ्यावर कोंबड्या बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्राची काळजी जरूर घ्या. पण हात लावण्याआधी त्याचं शरीर ओळखा. कुठे तेल द्यायचं आणि कुठे थेंबही पडू द्यायचा नाही, हे जाणत्याला विचारा. रुक्मिणीबाईंना मी दोष देत नाही. सिदूला विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही, एवढंच.

मला पहिल्यांदा नेकनूरला आणलं त्या दिवशी पेट्रोल मिळालं नव्हतं; मी बैलगाडीतून आले, आणि गाडी सिदू हाकत होता.