अलीकडेच

बटणावरचा पापुद्रा अजून तसाच होता. कारखान्यातून निघताना चिकटवतात तसला, पारदर्शक; त्याचा एक कोपरा सुटून खिडकीच्या वाऱ्यानं फडफडत होता, आणि सुरुचीला वाटलं, आधी हा काढला पाहिजे, हा कुणाच्याही नजरेत येईल... तिनं नखानं कोपरा धरून ओढला, तो चर्रर्र करत निघाला, मग शेजारच्या बटणावरचा, मग पलीकडच्या शेगडीचा. ओळीनं मांडलेल्या शेगड्या, आणि एकीवरही तेलाचा ठिपका नाही. खोलीला वास होता तो नव्या रबराचा आणि ताज्या रंगाचा.

परवापर्यंत ही नुसती बंद खोली होती. त्याआधी, इथे एका कंपनीचं ऑफिस होतं तेव्हा, मीटिंग रूम. मग क्लोनडॉकिन उपनगराच्या या बिझनेस पार्कातली ही रिकामी इमारत आश्रय मागायला आलेल्या कुटुंबांसाठी घेतली गेली. वरच्या मजल्यांवर पार्टिशनं घालून खोल्या झाल्या आणि जेवण बाहेरून डब्यांत यायला लागलं — गार पास्ता, बेचव चिकन, मुलं काट्यानं चिवडून तसंच ठेवून देत ते. बायका विचारायच्या, आम्हाला आमचं रांधता येईल का? आणि होणार आहे, किचन होणार आहे, असं सुरुचीच सांगत आलेली. केंद्र चालवणाऱ्या कंपनीत ती रोजची व्यवस्था पाहायची. सांगण्याचं काम तिचंच.

मग गेल्या आठवड्यात डेक्लन, तिचा मॅनेजर, दाराला टेकून म्हणाला होता की शेगड्या येतायत. भाड्यानं. युरोपनं निर्वासितांसाठी आणीबाणीचा म्हणून जो निधी दिला त्याचं काय होतं ते बघायला युरोपियन पार्लमेंटच्या समितीतले लोक येणार, ते येऊन गेले की दुसऱ्या दिवशी शेगड्या परत. "खरं किचन सप्टेंबरात होतंय, सुरुची. हे आपलं तोवर. इट'ल बी ग्रँड." डेक्लन वाईट माणूस नव्हता, सप्टेंबरावर त्याचा विश्वासही असेल. आणि ती काय म्हणाली? ती म्हणाली, मग प्रेसमध्ये — इथे कपाटाला प्रेस म्हणतात — भांडी ठेवायला हवीत, कपाटं रिकामी बरी दिसणार नाहीत. कुणी विचारलं नव्हतं तिला. आणि नवी भांडीही नकोत, वापरलेली हवीत, हेही तिचंच — आज सकाळी ती घरून स्वतःची कढई घेऊन निघाली तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं होतं, "अगं, कढई कुठे?" आणि ती म्हणाली होती, "ऑफिसात कार्यक्रम आहे, बाबा."

कार्यक्रमच होता तो. पाच जण आले, गळ्यात ओळखपत्रांच्या निळ्या पट्ट्या, बरोबर मंत्रालयातला एक अधिकारी, आणि सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या आखूड केसांच्या, पोर्तुगालच्या खासदार बाई. त्या प्रत्येक दारापाशी थांबायच्या, आत बघण्याआधी आतल्या माणसाकडे बघून मान झुकवायच्या. सुरुचीला त्या पहिल्या क्षणालाच आवडल्या. किती साध्या, किती... आणि मनातल्या मनात तिनं आपला कुडता नीट केला, आपलं इंग्रजी नीट केलं.

किचनमध्ये बाई पुष्कळ वेळ थांबल्या. एक प्रेस उघडून कढईकडे बघितलं. मग म्हणाल्या, इथे राहणाऱ्या एखाद्या बाईशी बोलता येईल? दाराशी ज़रमीना उभी होती — काबूलला शाळेत गणित शिकवायची ती, पेशावरमध्ये बरीच वर्षं काढून इकडे आलेली, दोन लेकी घेऊन. फोनवरचा दुभाषा लावला तर आवाज तुटत होता, नुसतं हॅलो, हॅलो. डेक्लन म्हणाला, "सुरुचीला येते की हिची भाषा."

"थोडी," सुरुची म्हणाली. ज़रमीनाची उर्दू आणि आपली हिंदी, एवढं चालून जातं.

"विचारा ना त्यांना," खासदार बाई म्हणाल्या, "या किचनचा त्यांना कसा उपयोग होतो."

सुरुचीनं विचारलं. ज़रमीनानं ओढणी सारखी केली, शेगड्यांकडे बघितलं, आणि शांतपणे, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ये चूल्हे कल आए हैं। कल चले जाएँगे। इनसे कहिए।"

किती लहान वाक्यं. एका दमात सांगता आली असती. पाच चेहरे सुरुचीकडे वळलेले, बाईंचे ते राखाडी, ओलसर, विश्वासानं भरलेले डोळे, डेक्लनचा अंगठा पेनच्या टोकावर टिकटिक करत... आणि तिच्या तोंडून आलं, "त्या म्हणतायत, किचन अलीकडेच सुरू झालंय."

अलीकडेच. रिसेंटली. खोटं काय होतं त्यात? काल म्हणजे अलीकडेच की. मी खोटं बोलले नाही, मी फक्त — आणि उरलेलं वाक्य? उद्याचं? ते ती तिथेच ठेवून पुढे गेली होती, जसं कुणी दार उघडं टाकून...

"वा," बाई म्हणाल्या. "आणि आता घरचं जेवण करता येतं, त्याचं कसं वाटतं?"

सुरुचीनं तेही विचारलं. या वेळी ज़रमीना शेगड्यांकडे बघत नव्हती, तिच्याकडे बघत होती. रागानं नाही. एखाद्या मुलीनं उत्तर चुकवलं आणि ते तिला ठाऊकही आहे, अशा वेळी शिक्षिका बघते तसं. मग म्हणाली, "आप जो ठीक समझें, कह दीजिए।"

"त्यांना फार आनंद होतोय," सुरुची म्हणाली.

खासदार बाईंनी दोघींचे हात हातात घेतले. एका हातात सुरुचीचा, एका हातात ज़रमीनाचा. "थँक यू. थँक यू बोथ."

"यू आर वेलकम," ज़रमीना म्हणाली. इंग्रजीत. जड, पण स्पष्ट.

म्हणजे तिला कळत होतं. रिसेंटलीही कळलं होतं, आनंदही.

नंतर सँडविचेस होती, आणि डेक्लन म्हणाला, "यू वेअर ओन्ली ब्रिलियंट," आणि सुरुची हसली — ते हसू तिच्या ओठांवर इतक्या सवयीनं आलं की ते थांबवायला हवं हे लक्षात येईपर्यंत येऊन गेलंही होतं. मग ती आपल्या टेबलापाशी बसून कारण शोधत राहिली. भीती? कसली? ती नवऱ्याच्या, प्रसन्नच्या, परमिटवर आलेली, कुठेही नोकरी करायला मोकळी. ही सुटली असती तर दुसरी मिळाली असती. नागरिकत्वाचा अर्ज? त्याचा इथे काय संबंध. डेक्लननं सांगितलं होतं का, की असं बोल? नाही. त्यानं नुसतं पेन टिकटिकवलं. किती बरं झालं असतं त्यानं दम दिला असता तर.

दुपारी जिन्यापर्यंत वास आला. कांदा, हळद, धणे, तळाशी लागत आलेल्या तांदळाचा वास. ती खाली गेली तर किचन भरलेलं. बायका एकमेकींना खेटून उभ्या, प्रत्येक शेगडीवर काहीतरी रटरटतंय, मुलं पायांत, कुणी हसतंय, कुणी ओरडतंय. उद्या नाही म्हणून आज सगळं. आणि ज़रमीना तिच्या, सुरुचीच्या, कढईत वांग्याच्या चकत्या तळत होती.

सुरुची तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला माफी मागायची होती, तीच मागायला ती आली होती, आणि ती म्हणाली, "सकाळी मला शब्द नीट समजला नाही..."

ज़रमीनानं चकत्या उलटल्या. "हमारी ज़बान ही ऐसी है, बहन," ती म्हणाली. "गया दिन भी कल, आनेवाला भी कल। आपका क्या क़सूर।"

हे दयेनं म्हटलं होतं का चिमटा काढला होता, हे सुरुचीला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की ते वाक्य कानावर पडताच आपला जीव भांड्यात पडला. की एका शहाण्या बाईनं देऊ केलेली ती पळवाट आपण दोन्ही हातांनी धरली. "हो ना," असंसुद्धा ती म्हणाली. ज़रमीनानं एका बशीत चकत्या काढून तिच्यापुढे केल्या. सुरुचीनं उभ्याउभ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या, आणि चांगल्या झाल्यात हे जिभेला कळत होतं याचीच तिला शिसारी आली.

संध्याकाळी घरी उन्हं मागच्या अंगणात लांबवर पसरलेली. प्रसन्न कॉम्प्युटर-चिपच्या प्लँटमध्ये शिफ्टला. मुलगी तन्वी कोचावर पालथी पडून टॅब्लेटवर काहीतरी बघत होती, आणि बाबा वाटच बघत बसलेले. बाबा, म्हणजे दीनानाथराव, जन्मभर लोकल फंड ऑडिटमध्ये होते, नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती आणि आश्रमशाळा तपासत हिंडलेले. पार्लमेंटची माणसं लेकीच्या ऑफिसात तपासणीला येणार हे तिनंच त्यांना आठवड्यापूर्वी सांगितलेलं, आणि आज दिवसभर त्यांना त्याचा अभिमान वाटत होता.

"मग? काय म्हणाले तुझे पार्लमेंटवाले?"

"छान झालं सगळं, बाबा."

"छान?" ते हसले. "तपासणी छान झाली म्हणजे काहीतरी राहिलंच म्हणायचं. आम्ही जायचो ना, तर भिंतीला हात लावला की बोटाला रंग यायचा. आम्हाला कळायचं गं. सगळं कळायचं. पण नुसतं कळून काय लिहिणार? कुणीतरी तोंड उघडायला लागतं. स्वयंपाकीण असो, शिपाई असो... एक माणूस बोललं की पुरे."

सुरुची ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हणजे त्या बाईंनाही कळलं असेल? कपाट उघडून त्या इतका वेळ कढईकडे बघत होत्या. ताज्या रंगाचा वास त्यांनाही आला असेल. आणि म्हणूनच त्यांनी माणूस मागितलं; म्हणूनच ते ओलसर डोळे, ते वाट बघणं... विश्वास नव्हता तो. विनंती होती. आणि आपण —

आणि तिथे, नळाखाली हात धरून, तिला ते सापडलं, जे ती दुपारभर टेबलाशी शोधत होती. भीती नव्हतीच. तिला छान वाटलं होतं. ती निळ्या पट्टीवाली माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, ती त्यांच्यातली होती, टेबलाच्या त्या बाजूची, चांगलं इंग्रजी बोलणारी, कुणाला अवघड न वाटू देणारी; आणि ज़रमीनाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं असतं तर ती त्या क्षणी पलीकडे गेली असती, ओढणी सारखी करत दाराशी उभ्या असलेल्यांत. तेवढ्यासाठी. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी.

"त्या राहणाऱ्या बायकांशी बोलले का ते?" बाबांनी विचारलं.

"एकीशी. मी दुभाषी होते."

"अरे वा! मग काय म्हणाली ती?"

पाणी वाहत होतं. तन्वीनं मान न उचलता, इथली मुलं आईला म्हणतात तसं, म्हटलं, "मॅम, द टॅप." सुरुचीनं नळ बंद केला. बाबांच्या चेहऱ्यावर अजून ते कौतुक होतं, सकाळपासून जपून ठेवलेलं, आणि तिला वाटलं, एक छानसं वाक्य आत्ता तयार आहे, जिभेवरच आहे, ते म्हटलं की हा चेहरा असाच राहील.

"ती खूश नव्हती, बाबा," ती म्हणाली. "मी सांगितलं, ती खूश आहे."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले, आणि पुसतच राहिले, तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून. सांगितलं की मोकळं वाटेल असं तिला कुठेतरी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता ते खोटं खोलीभर झालं, कोचापर्यंत, टॅब्लेटवरून डोळे उचलून आपल्या आईकडे बघणाऱ्या तन्वीपर्यंत, आणि सुरुची ओले हात तसेच धरून उभी राहिली, कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून.