माझं तिसरं पान

मी एक शोधनिबंध बोलतोय. केळीवरच्या करपा रोगाचा, अकरा पानांचा, जळगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात छापलेला. माझ्या अंगात जड शब्द ठासून भरलेत, हे मला मान्य आहे. ज्यांनी मला लिहिलं त्यांना सोपं बोलायची सवयच नव्हती, त्याला मी काय करू?

मयुरीने मला रावेरकडच्या तिच्या गावी नेलं, तेव्हा ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि चांगलीच धास्तावलेली होती. मागच्या सेमिनारला एका साध्या प्रश्नावर ती गप्प उभी राहिली होती. या शनिवारी माझ्यावर बोलतानाही तसंच झालं तर केळीचा विषय दुसऱ्याला देईन, असं तिच्या मार्गदर्शक हेमलता मॅडमनी बजावलं होतं. केळी पिकवणाऱ्या घरातली मुलगी ती. तिला ते फार लागलं होतं.

मग माझे हाल सुरू झाले. रोज पहिल्या ओळीपासून सुरुवात, प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ, आणि दुसऱ्या पानावर दमणूक. पिवळ्या हायलायटरने तिने मला इतकं माखलं की माझ्यात महत्त्वाचं काय, ते मलाही कळेना. सारांश आणि निष्कर्ष मात्र तिने घोकून पाठ केले. प्रयोग कसा केला ते तिसऱ्या पानावर होतं. तिकडे ती फिरकलीच नाही.

गुरुवारी सकाळी तिचे वडील, तोतारामनाना, बागेतून येऊन ओट्यावर चहा पीत होते. माझ्यात सांगितलेल्या फवारणीने करपा निम्म्यावर येतो, असं तिने त्यांना ऐटीत सांगितलं. नानांनी बशी खाली ठेवली.

"किती खोडायवर केलं व्हतं व हे? अन जमीन कोनती व्हती?"

या भागात बाग एकरात नाही, खोडांत मोजतात. नवं काही कानावर आलं की पहिला प्रश्न हाच. मयुरीने पानं उलटली आणि पहिल्यांदाच तिसऱ्यावर थांबली. छत्तीस झाडं. तीही कुंड्यांत, शेडनेटखाली.

"मंग खोटं नाही ते," नाना म्हणाले. "पन आपल्या जमिनीचंही नाही."

मला राग यायला हवा होता, पण बरंच वाटलं. इतके दिवस मला नुसतं पाठ केलं जात होतं; आज कुणीतरी मला विचारत होतं.

त्या दुपारी ती वेगळ्या रीतीने बसली. काय शोधलं, कशावर, कसं, हे आधी वहीत मांडलं. मग तक्ते पाहिले. जे शब्द आडवे आले तेवढ्यांचेच अर्थ शोधले. संध्याकाळपर्यंत मी तिला उमगलो होतो.

शनिवारी मॅडमनी विचारलंच, शेतकऱ्याला ही फवारणी सांगशील का?

"नाही मॅडम. छत्तीस कुंड्यांच्या भरवशावर नाही सांगणार. आधी काळ्या जमिनीत, उभ्या बागेत करून बघावं लागेल."

मॅडमनी माझं तिसरं पान उघडून पाहिलं. "मग तेच कर," त्या म्हणाल्या. "विषय तुझाच."

आता मी तिच्या फायलीत सगळ्यात वर असतो. कडा मळल्यात, समासात जागा उरलेली नाही, आणि मी मजेत आहे. मुलांनो, मला डोक्यावर घेऊ नका आणि रद्दीतही घालू नका. मी कुठे कमी पडलो ते बघा. मयुरीला तिचं काम तिथेच सापडलं.