लॉर्डाच्या बागेतले गुलाब

शहात्तर साली डॉक्टर जावयाकडे आयर्लंडला जाऊन आल्यापासून चादरीचे व्यापारी गुरुबसप्पा शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरापुढच्या कट्ट्याला रोज संध्याकाळी एकच बाग फिरवून आणत. कुणा जुन्या लॉर्डाची हवेली आणि तिच्याभोवतीची बाग. सोमवारी हवेलीला चाळीस खोल्या असत, शनिवारपर्यंत शंभर होत. हिरवळीचं वर्णन तर असं, की आत बायकोला, काशम्माला, हसू येई. बसायची सोय नाही, म्हशीला चारायची नाही, मग ते गवत वाढवायचं तरी कशाला?

आज मात्र गुरुबसप्पांनी हद्द केली. "लॉर्डसाहेब स्वतः बाहेर आले. हाताला धरून बाग दाखवली मला."

शेंगाची चटणी कुटणारी काशम्मा थांबली.

शेजारच्या चन्नप्पाला हे पचेना. तो दारातून आत वाकला. "वैनी, तुमी होता की बरोबर. खरं काय ते तुमीच सांगा."

गुरुबसप्पांचा चेहरा पार उतरला. पेठेतली त्यांची सगळी पत आता बायकोच्या जिभेवर होती.

खरं सगळं तिला ठाऊक होतं. जावयाच्या घरी फूल मिळेना, पंधरवडाभर तिने नुसत्या अक्षता वाहून शिवपूजा उरकली होती. पेठेत पूजेसाठी कुणाच्याही कुंपणातून फुलं घ्यावीत, त्याला चोरी कोण म्हणतं? मग एक दिवस जावयाने दोघांना ती बाग बघायला नेलं. तो गाडी लावायला गेला तेवढ्यात तिने लॉर्डाचे गुलाब पदरभर तोडले. मग हातात कात्री घेऊन, तोंड लालबुंद करून माळी धावत आला.

घरात पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः न उचलणारा हा माणूस तेव्हा तिच्यापुढे येऊन उभा राहिला. पदरातली फुलं स्वतःच्या हातात घेतली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. कलेक्टरपुढंही न काढलेली टोपी काढली आणि माळी ओरडून दमेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला. काशम्माला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि नवरा इतका आवडला होता, की तेवढा लग्नातही आवडला नव्हता.

"व्हय की," ती चन्नप्पाला म्हणाली. "लॉर्डानं यांच्यापुढं टोपी काढली. मान खाली घालून उभा होता बिचारा. लई वेळ."

काशम्मा कधी खोटं बोलत नाही हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. चन्नप्पा निमूट खाली बसला. गुरुबसप्पांनी मात्र त्यानंतर कट्ट्यावर त्या बागेचं नाव काढलं नाही.