कप्तान परत का गेला

माझी बायको जाऊन सात महिने झाले. दर रविवारी चार वाजता आमच्या घरी दहा-बारा माणसं येतात आणि तिच्या एका वाक्यावरून भांडतात.

वाक्य एका मालिकेबद्दलचं आहे. अवकाशयानाची मालिका होती, चौसष्ट भागांची. शेवटच्या भागात यान अकरा वर्षांनी नव्या ग्रहावर उतरतं. दार उघडतं. कप्तान एक पाय बाहेर टाकतो, थांबतो, मान जरा तिरकी करतो आणि पुन्हा आत जातो. दार बंद. समाप्त. का गेला, ते कोणी सांगतच नाही.

तो भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिला. मी चाळीस वर्षं नळदुरुस्तीचं काम करतोय, आणि आमच्या स्वयंपाकघरातला नळ तेव्हा दोन वर्षं गळत होता. ती रोज आठवण करून द्यायची. मी रोज म्हणायचो, "रविवारी करतो." मालिका संपली, घर शांत झालं आणि आतून ऐकू आलं, टप्. टप्. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "नळ चालू राहिलाय म्हणून परत गेला तो. बघा, काही पुरुषांना ऐकू येतं."

शेवटचा टोमणा गाळून तिनं हे चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं. निव्वळ गंमत म्हणून. आठवड्याभरात ग्रुपचे दोन तट पडले. एक नळवाले. त्यांच्या पुढारी एक शिंपीणबाई. दुसरे आरसावाले. त्यांचा पुढारी दातांचा डॉक्टर. त्याचं म्हणणं, शेवटचा कप्तान खरा नाहीच, आरशातली नक्कल आहे. पहिल्या भागात त्याचा डावा सुळा तुटका होता, शेवटच्या भागात उजवा आहे. नक्कल आरशाबाहेर पडू शकत नाही, म्हणून परत गेली.

हिला फार मजा यायची. हॉस्पिटलमध्येसुद्धा मला फोन मोठ्यानं वाचायला लावायची. "त्या डॉक्टरला लिहा, कप्तानाला आधी खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगा." मी लिहायचो. एका गुरुवारी वाचून झाल्यावर म्हणाली, "अहो, तो नळ तेवढा करा."

"रविवारी करतो," मी म्हणालो. ती हसली. शनिवारी गेली.

पुढच्या आठवड्यात ग्रुपमधली माणसं भेटायला आली. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ सगळे चपलांकडे बघत बसले. मग शिंपीणबाई म्हणाल्या, "काका, काकूंच्या टीव्हीवर तो शेवट एकदा बघू का?" लावला. दार बंद झालं, पडदा काळा झाला आणि टप्. टप्.

शिंपीणबाई उठून उभ्याच राहिल्या. "ऐकलंत? नळ! काकूंना ऐकू आला होता!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सगळे एकदम बोलायला लागले, कोणीतरी हसलं, आणि त्या खोलीत किती दिवसांनी कोणी हसत होतं. 

तेव्हापासून रविवार ठरला. आठवडाभर मी नळाला फडकं बांधून ठेवायचो. रविवारी पावणेचारला ते सोडायचं, खाली स्टीलची वाटी पालथी घालायची, म्हणजे आवाज खणखणीत यायचा. स्वयंपाकघराचं दार चार बोटं उघडं ठेवायचं. कोणी आत जाऊ नये म्हणून पाण्याचे पेले आधीच बाहेर मांडायचे. आयुष्यभर लोकांचे नळ बंद केले आणि म्हातारपणी स्वतःचा वाजवत बसलो.

"हा आवाज माझ्या घरी का येत नाही?" डॉक्टर दर वेळी विचारायचा.

"तुमच्या टीव्हीचेही दात उपटलेत तुम्ही," शिंपीणबाई म्हणायच्या.

"बाई, सुळ्याचं काय? सुळ्याचं बोला!"

"अकरा वर्षं माणूस यानात आहे. दुसरा तुटला असेल. तुमच्यासारखा डॉक्टर भेटला असेल त्याला."

बस चालवणारा एक जाडा गृहस्थ यायचा. तो हिच्या खुर्चीत बसून झोपायचा. पहिल्यांदा मला राग आला होता. मग वाटलं, खुर्ची रिकामी दिसण्यापेक्षा हे बरं.

एका रविवारी शिंपीणबाई म्हणाल्या, "आता बस झालं. पुढच्या वेळी मी आवाज टिपायचं यंत्र आणते. पुरावा थेट मालिका लिहिणाऱ्यांकडे पाठवू, काकूंच्या नावानं."

 मालिकावाल्यांकडे जाणकार माणसं असणार. हा कोणाच्या तरी मोरीतला आवाज आहे, हे त्यांना मिनिटात कळणार, आणि हसं होणार ते हिचं. उलट नळ बंद केला तर डॉक्टर जिंकणार, वाद मिटणार आणि रविवारी चार वाजता मी आणि टीव्ही.

आठवडाभर विचार केला. रविवारी सकाळी मेन कॉक बंद केला, पाना घेतला, नळ खोलला. आतला वॉशर पार चघळलेल्या खोडरबरासारखा झाला होता. नवा घातला. सात मिनिटं लागली. सात मिनिटांच्या कामासाठी मी तिला दोन वर्षांच्या वर थांबवलं होतं. वाटी पुसून फडताळात ठेवली.

चारला सगळे आले. शिंपीणबाईंनी यंत्र टीव्हीसमोर ठेवलं. कप्तानानं पाय टाकला, थांबला, मान तिरकी केली, आत गेला. दार बंद झालं.

काहीच आवाज नाही.

पुन्हा लावलं. काहीच नाही. शिंपीणबाईंचा चेहरा उतरला.  डॉक्टर आरसावाला, पण कान त्याचाही पुढे होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बसवाला खुर्चीतून म्हणाला, "पोचला."

"कोण पोचला?"

"कप्तान. इतके दिवस चालत होता. आज नळ बंद केला त्यानं."

मग जो गोंधळ झाला, तो शेजाऱ्यांनी भिंत ठोकेपर्यंत. शिंपीणबाई डोळे पुसत होत्या. मी ओरडून सांगितलं, "अहो, ऐका! तो आवाज आमच्या स्वयंपाकघरातला होता. आज सकाळी मी वॉशर बदलला. कप्तान-बिप्तान कोणी नाही!"

 डॉक्टर उठून आत गेला. त्यानं नळ उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. बराच वेळ तो तिथेच उभा होता. मग ओला हात पँटला पुसत बाहेर आला.

"थेंब नाही," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.  "ठीक आहे. नळाचं मी मान्य करतो. पण मग प्रश्न असा की, नळ बंद झाल्यावर हा माणूस दाराशी परत का येत नाही? बाहेर अख्खा ग्रह पडलाय!"

"सुळा शोधत असेल," शिंपीणबाई म्हणाल्या.

"बाई, हा विषय एका रविवारात संपणारा नाही."

"मग पुढच्या रविवारी या. कोण अडवतंय?"

बसवाल्यानं मला विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? का येत नाही तो?"

इतक्या रविवारांत मला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं, आणि आतून काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.

"बसला असेल जरा तिथेच," मी म्हणालो.

डॉक्टरला ते पटलं नाही. यानाच्या स्वयंपाकघरात स्टूल कुठल्याच भागात दाखवलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. शिंपीणबाईंनी मात्र ते वहीत लिहून घेतलं.