शिवण बाहेरून

"हे कोणी शिवलंय?" सिस्टरने विचारलं.

आई पलंगावर उताणी होती. तिच्या पोटऱ्यांना, मांड्यांना आणि कमरेखाली बांधलेले रुंद पट्टे सिस्टरने नुकतेच सोडले होते. पट्ट्यांखाली घालायच्या घट्ट पँटचा एक पाय वर सरकवून ती मांडी बघत होती. तिथे शिवणीच्या रेघेबरोबर लाल वळ उठला होता. मधे दोन फोड.

"मीच शिवलं," आई म्हणाली. "तुमच्याकडची पँट गुडघ्यात चुण्या धरते. हिच्यात एक चुणी दाखवा."

"चुणी नाहीये हो मावशी. पण आत शिवण आहे की दोरखंड?"

"दुहेरी आहे. हाताने घातलीय. उसवायची नाही."

"ती नाही उसवली. तुम्ही उसवलात."

माझ्या मांडीवरच्या बाळाला हसू आलं. आईला नाही.

माझी आई कपडे शिवते. शिवायची, असं म्हणायची वेळ आली होती. गल्लीतल्या कुठल्याही बाळाच्या अंगाला पहिलं झबलं लागायचं ते आईच्या मशीनवरचं. मला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिने कापड बेतून मशीनच्या खणात ठेवलं. आणि मग तिच्या छातीत धरायला लागलं. बायपास आधीच झालेली. डॉक्टर म्हणाले, नसा इतक्या बारीक झाल्यात की आता आत शिरायला वाट नाही. चार पावलं भराभर चालली की छाती आवळायची. पायडल मारलं की डावा हात जड व्हायचा, मग जिभेखाली गोळी. मी म्हटलं, मशीनला मोटर बसवू. "मग ती शिवेल," आई म्हणाली, "आणि मी काय, कापड धरून बसू?" कापड खणातच राहिलं. तिची स्वतःची नात दुकानातले कपडे घालून रांगायला लागली.

म्हणून हे पट्टे. रोज तासभर, सात आठवडे. पहिल्या दिवशी सिस्टरने समजावलं होतं, "हृदय दोन ठोक्यांमधे जरा विसावतं ना, नेमकं तेव्हा पट्ट्यांत हवा भरते. पाय आवळले जातात, रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. पुढचा ठोका पडायच्या आत हवा सुटते."

"म्हणजे पायडलच की," आई लगेच म्हणाली होती. "चाकाच्या लयीत पाय पडला पाहिजे. नाहीतर उलटं फिरतं आणि दोरा तुटतो."

तेव्हा ती खुशीत होती. आता सिस्टर फोडांवर मलम लावत म्हणाली, "हे बरं होईपर्यंत बंद. आणि मावशी, असा सारखा खंड पडला तर काही उपयोग नाही. पुढच्या वेळी पँट उलटी घाला. शिवण बाहेर."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला कुणी अनवाणी बाजारात जायला सांगितलं होतं.

घरी आलो. दारात चपला काढताना ती म्हणाली, "पुरे झालं मला. उलटे कपडे घालून लोळायचं वय नाही माझं."

"आई, अगं तिथे कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

बाळ किरकिरत होतं. त्याचा फ्रॉक काढला, आतली बंडी काढायला घेतली, तर आई जवळ आली.

"ही उलटी का घातलीस?"

"टोचतं तिला. काखेत पुरळ येतं शिवणीचं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

आईने बंडी हातात घेतली. शिवणीवरून अंगठा फिरवला, मग तोच अंगठा बाळाच्या काखेत, अगदी हलका. "आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होतीस गं? उगाच जिवाला लावून घेतलं असतंस."

दुपारी मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ती खिडकीत बसून पँट उसवत होती. तीच, न उसवणारी.

फोड सुकल्यावर आम्ही परत गेलो. सिस्टरने पाहिलं. "वा, घातलीत की उलटी."

"उलटी नाही," आई म्हणाली. "शिवणच बाहेर काढलीय. बघा, कडा दुमडून वरून टाका घातलाय. बांधा तुमचे पट्टे."

त्यानंतर तिने एकही दिवस चुकवला नाही. पट्टे फुसफुसत, पाय धक्क्याधक्क्याने उसळत, आणि आई छताकडे बघत मनातल्या मनात काहीतरी बेतत असे. पाचव्या आठवड्यात ती हॉस्पिटलचा जिना न थांबता चढली. वर पोचल्यावर माझीच वाट बघत उभी. मी बाळाला घेऊन धापा टाकत होते. "तुलाही बांधायचे का पट्टे?" तिने विचारलं.

शेवटच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, आजार गेलेला नाही, पण दुखणं बरंच मागे हटलंय. गोळी जवळ ठेवा. आईने ती मशीनच्या खणात ठेवली आणि तिथलं बेतलेलं झबलं बाहेर काढलं. बाळाच्या पाठीला लावून पाहिलं. ते खांद्यापासून खांद्यापर्यंतही पुरेना. क्षणभर तसंच धरून ठेवलं तिने. मग त्यातून नव्या फ्रॉकसाठी खिसा कापला आणि नवीन कापड अंथरलं.

मी स्वयंपाकघरात होते. पायडलचा आवाज सुरू झाला. हातातलं भांडं तसंच धरून मी ऐकत राहिले. आता थांबेल, आता थांबेल. आवाज बाहीच्या वळणावर हळू झाला, घेराला भरधाव सुटला. थांबला तो दोरा तोडण्यापुरता.

संध्याकाळी आई नातीला कडेवर घेऊन स्वतः खाली गेली आणि स्वतः वर आली. वाटेत शेजारच्या काकू भेटल्या. फ्रॉककडे बघून म्हणाल्या, "अगं, घाईत उलटा घातलाय वाटतं पोरीला."

"नाही," आई म्हणाली. "सुलटाच आहे."

आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.