काटा बघायचा, पारडी नाही

टेबलावर एक तराजू, त्याच्या दोन्ही पारड्यांवर मिळून एक जाड कापड आणि भोवती पाच मुठी. प्रत्येक मुठीत ज्याचं त्याचं पोकळ पितळी वजन, दहा ग्रॅमचं. तराजू दुरुस्त करणाऱ्या या घरात एकमत झालं नाही की मत असं द्यायचं. दांडी खटक्याला अडकवायची, कापडाखाली हात घालून हव्या त्या पारड्यात वजन ठेवायचं, मग खटका सोडायचा. काटा बघायचा, पारडी नाही. कुणी कुठे टाकलं हे कळलं की भांडणं जन्मभर पुरतात, असं सासरे म्हणत.

डावं पारडं लहानपणीच गेलेल्या नणंदेच्या नावाचं, उजवं सुनेनं शोधलेल्या नव्या नावाचं. आपल्या मुलीनं भिंतीवरच्या फोटोतल्या मुलीच्या नावाला ओ द्यावी, हे सुनेला नकोच होतं.

"माझी लेक परत आलीय," सासरे बायकोला म्हणाले. "तू तरी हाक मारून दाखव तिला."

सासूबाईंनी पाळण्याकडे न बघता कापडाची सुरकुती सरळ केली. "मारेन की. आधी ठरू तर दे. माझं मत काय लपून राहिलंय?"

सुनेची नजर त्यांच्या मुठीवरून हटेना. दुपारी त्या दुकानामागे एकट्याच शिसं वितळवत होत्या. तिची चाहूल लागताच त्यांनी हातातलं काहीतरी फडक्याखाली सरकवलं होतं.

"घाबरू नकोस," नवरा तिच्या कानाशी कुजबुजला. "मी तुझ्याच बाजूनं. धाकट्यालाही पटवलंय."

पटवलं असेलही. पण एका जड वजनापुढे तीन हलकी मतं काय करणार?

एकेक हात आत गेला, रिकामा बाहेर आला. सासऱ्यांनी खटका सोडला. काटा थरथरला आणि उजवीकडे झुकला.

"घ्या!" दीर ओरडला. "वहिनी, जिंकलात की!"

सासरे उठून गेले.

"बघ, म्हटलं नव्हतं?" नवऱ्यानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि भावाला घेऊन बाहेर पडला.

सासूबाईंनी बाळाला उचललं, नव्या नावानं एकदा हळूच हाक मारली. "आवर गं तेवढं," त्या सुनेला म्हणाल्या आणि आत गेल्या.

खोलीत कुणी नाहीसं बघून तिनं कापड उचललं. डाव्या पारड्यात तीन वजनं होती. उजव्यात दोन.

ती दोन्ही तिनं एकामागून एक दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर ठेवली.

पहिलं दहा ग्रॅम भरलं. दुसरं बत्तीस.